वेशीवर बसलेली शर्यत

भिलाई,
८ नोव्हेंबर १९८१

प्रिय पुंडलिक,

रामराम. तुझ्या वाडीतल्या वांग्यांची चौकशी पत्राच्या शेवटी करीन, आधी माझी फजिती ऐक.

इथे कॉलनीच्या क्लबात वाचनालय आहे. ड्यूटी सुटली की मी तिथे जाऊन बसतो. परवा एका इंग्रजी मासिकात एका शर्यतीची हकिगत वाचली. दूर समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर माणसं एकाच दिवशी आधी पोहतात, मग ओल्या अंगानं सायकलवर बसतात आणि शेवटी सायकल टाकून धावत सुटतात. तिन्ही मिळून शर्यत एकच, मध्ये विसावा नाही. आणि निघालेल्यांपैकी बहुतेक सगळे शेवटपर्यंत पोचतात म्हणे. पुढच्या वर्षी भाग घ्यायला इतके लोक मागे लागतात की सगळ्यांना घेता येत नाही, चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

हे मी चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं. क्लबचे सेक्रेटरी चौबे साहेब हसून म्हणाले, "रूपराव, ये अपने लोगों के बस का नहीं।" झालं, माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, साहेब, आमच्या नाचणगावात हे काम लोक बाजाराच्या दिवशी सकाळी न्याहारीच्या आधी करतात. नदीतून पोहत पलीकडची डांगरं आणायची, सायकलवर लादून पुलगाव गाठायचं, आणि सायकल पंक्चर झाली तर पळत सुटायचं. सगळे हसले. साहेब मात्र हसायचे थांबले आणि म्हणाले, मग करून दाखवा. काही वर्षं नीट चालवलीत तर आमचे खेळाडू पाठवू आणि क्लबची ढालही देऊ.

तेव्हा माझी मान आता तुझ्या हातात आहे. संक्रांतीनंतरचा रविवार धर. नदीच्या डोहात पोहणं, तिथून सायकलनं देवळीवरून वर्धा आणि परत, मग पायी देवळीच्या वाटेवरच्या मोठ्या चिंचेला वळसा घालून गावच्या वेशीत. वेशीत चुन्याची रेघ मार. आधी ओलांडेल तो पहिला. यात न कळण्यासारखं काही नाही, तरी दोनदा वाच.

वांगी कशी आहेत?

तुझा
रूपराव


नाचणगाव,
२५ जानेवारी १९८२

प्रिय रूपराव,

रामराम. वांगी उत्तम आहेत आणि शर्यत त्याहून उत्तम झाली. निघाले अकरा, पोचले अकरा. तुझ्या बेटावरच्या लोकांना कळव.

पहिला कोण ते मात्र विचारू नकोस, कारण सगळेच पहिले आले. रागावू नकोस, सविस्तर सांगतो. किसनराव, जो पुलगावला सायकलवर दुधाच्या कॅना वाहतो, तो दुपार कलायच्या आतच वेशीपाशी आला. पोरं ओरडायला लागली. हा गडी रेघेच्या तीन पावलं अलीकडे थांबला, मागे वळून पाहिलं आणि लिंबाखाली बसून घेतलं. मी म्हणालो, अरे किसन, रेघ ओलांड. तर मलाच म्हणतो, "पुंडलिकभाऊ, पंगतीतून कोनी आंधी उठते काय? मांगच्याईचं होऊ द्या."

मग दुसरा आला, तोही त्याच्या शेजारी टेकला. तिसरा आला, त्यानं विचारलंसुद्धा नाही. शेवटी अण्णाजी आले. हो, आपले माजी सरपंच अण्णाजी, साठीला टेकलेले, चपला हातात घेऊन. ते दिसल्याबरोबर सगळे उठले, धोतरं झटकली आणि एका पावलात रेघ ओलांडली. आपल्या पंगतींचा आचारी बंडूजी, त्यानं गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी केली होती. दिवस बुडायच्या आत पंगत बसली.

खरं सांगू का, मला यात काही चूक दिसली नाही. सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचं होईपर्यंत आपण पानावरून उठत नाही, हात कितीही वाळले तरी. मी धावलो असतो तर मीही बसलोच असतो.

तुझा
पुंडलिक


भिलाई,
११ फेब्रुवारी १९८२

प्रिय पुंडलिक,

मी तुला शर्यत करायला सांगितली होती, जेवणावळ नव्हे.

चौबे साहेबांना मी काय सांगू? अकरा निघाले, अकरा पोचले, इथपर्यंत त्यांचा चेहरा बरा होता. पहिला कौन, असं विचारल्यावर मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो. त्या बेटावर सगळे पोचतात हे खरं, पण आपापल्या वेळेला पोचतात. पुढचा मागच्यासाठी खोळंबून राहत नाही.

पुढच्या वर्षी सगळ्यांना निघायच्या आधी उभं करून नियम वाचून दाखव: जो येईल त्यानं थेट रेघ ओलांडायची. किसनरावला दोनदा वाचून दाखव. आणि माणसं वाढव. अकरा माणसांना शर्यत म्हणत नाहीत, ते भजनी मंडळ झालं.

रूपराव


नाचणगाव,
७ फेब्रुवारी १९८३

प्रिय रूपराव,

रामराम. माणसं वाढव म्हणालास, वाढवली.

मी रामाजी कोतवालाला म्हणालो की घरोघर सांगून ये. त्याचा सगळा जन्म लग्नाची आवतणं देण्यात गेलेला. त्यानं सवयीप्रमाणे प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून शर्यतीचं चूलबंद आवतण देऊन टाकलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही, अख्खं घर यायचं. तू भिलाईला जाऊन विसरला असशील म्हणून लिहितो. रविवारी उजाडता उजाडता मी डोहावर गेलो तर काठावर घरंच्या घरं उभी. बाप आहे, लेक आहे, सासू आहे, सून आहे. आवतण दिलेल्याला परत पाठवायची आपली रीत नाही. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांनी काठावर बसून कौतुक केलं. पाण्यात उतरले ते बावन्न. पोचलेही बावन्न.

नियम मी वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. किसनरावनं तर "बराबर हाये" असंही म्हटलं. मग दुपारी आला आणि लिंबाखाली बसला.

यंदा जरा जास्त वेळ बसावं लागलं, कारण एक माणूस फार मागे राहिलं. पोहण्यात सगळ्यांच्या पुढे, सायकलवर मधलं आणि पायी शेवटचं. गावात दिवे लागले तेव्हा पोचलं. एक्कावन्न जण तोवर थंडीत बसून होते आणि एकही कुरकुरला नाही. त्या माणसाचं नाव विचारू नकोस, माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

तुझा
पुंडलिक


भिलाई,
१६ डिसेंबर १९८४

प्रिय पुंडलिक,

गेल्या जानेवारीतही तुम्ही तेच केलंत. मी त्यावर पत्र लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टानं नेलं नसतं.

आता नीट ऐक, ही चेष्टेची वेळ नाही. मी इथे नोटीस लावून आपल्या शर्यतीसाठी नावं मागितली. एक नाव आलं नाही. लोक विचारतात, किती जण पुरी करतात? मी अभिमानानं सांगतो, सगळे. ते हसतात. म्हणतात, जी सगळ्यांनाच जमते ती शर्यत कसली, ती जत्रा. तीन वर्षं मी हे ऐकून घेतोय. चौबे साहेबांनी शब्द पाळला आहे. ते स्वतः सहा खेळाडू आणि ढाल घेऊन जानेवारीत येणार आहेत, पण त्यांची एक अट आहे. मुदत हवी. मी त्यांना लिहून दिलंय: सूर्य मावळला की शर्यत बंद. त्यानंतर जो येईल तो बाद. मुदतीत कोणीच रेघ ओलांडली नाही तर ढालही नाही आणि पुढे क्लबचं नावही नाही.

आणि दिवे लागल्यावर उगवणाऱ्या तुझ्या त्या शेवटच्या गड्याला सांग, बाबा रे, तू घरी बसून रोडगे भाज. एका माणसापायी गावाचं हसं होतंय.

तुझा
रूपराव


नाचणगाव,
२७ डिसेंबर १९८४

रूपराव भाऊजींना गोपिकाचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं आणि शेवटचा भाग गिळला. मी मागाहून स्वतः वाचला. मी सातवी पास आहे, विसरलात वाटतं.

भाऊजी, तो शेवटचा गडी मी आहे. रोडगे मला चांगले भाजता येतात. बंडूजीलाही मीच शिकवले.

यांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमची पत्रं वाचून यांना मजा येत होती. रामाजी आमच्या दारात आवतण द्यायला आला तेव्हा मी विचारलं होतं, "चूलबंद हाये ना?" तो म्हणाला, "हो वहिनी, चूलबंद." मग मी घरी राहून काय विझलेल्या चुलीकडे पाहत बसायचं होतं? माझं माहेर नदीकाठचं आहे. नदीच्या वाळूत आमच्या डांगरवाड्या असायच्या. वडिलांच्या मागे डोह पार करायचे तेव्हा मला धड वेणी घालता येत नव्हती. यांनी वर्ध्याहून दांडा नसलेली जुनी सायकल आणून दिली, तिच्यावर मी पुलगावच्या बाजारात भाजी नेते. धावणं तेवढं जमत नाही, अर्धं चालते. पहिल्या वर्षी विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आता त्यांतली शकुबाई सायकल शिकते आहे, रोज पडते.

मुदत लावा, माझी ना नाही. मलाही सूर्य असताना वेशीत यायचं आहे. दोन वर्षं दिव्यांच्या उजेडात आले. कोणी वाईट बोलत नाही, पण गारठून बसलेली माणसं पाहिली की मला माझाच राग येतो. गावच्या देखत, उजेडात, ताठ मानेनं ती रेघ ओलांडायची एवढं एकच माझ्या मनात आहे. पण तुम्हाला एक गोष्ट कळलेली नाही. मुदत लावली म्हणून हे लोक उठणार नाहीत. मला उशीर झाला तर मी एकटी बाद होणार नाही, सगळे माझ्याबरोबर बाद होतील. यांचं कोणी ऐकत नाही. तुम्ही येऊन सांगून पाहा.

मी भाग घेऊ नये असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी ते पत्र वाचीन, जपून ठेवीन आणि भाग घेईन.

गोपिका


भिलाई,
६ जानेवारी १९८५

गोपिका वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भाग घ्या. रोडग्यांबद्दल लिहिलं ते मागे घेतो. पुंडलिकला सांगा, त्याच्याशी मी समोरासमोर बोलणार आहे आणि त्या वेळी तुम्ही मध्ये पडू नका.

पण वहिनी, मुदत मागे घेता येणार नाही. शब्द देऊन बसलो आहे. मी चौबे साहेबांबरोबर येतो आहे. शाळेची पितळी घंटा मागून ठेवायला सांगा. सूर्य मावळला की मी ती वाजवणार, मग तुम्ही रेघेपासून दोन पावलांवर का असेना. राहिले वेशीवर बसणारे. त्यांना मी उठवतो. कारखान्यात पोलादाच्या भट्टीच्या आवाजावर आवाज काढून माझा गळा तयार झालेला आहे.

तुम्ही वेळेत या. मग कोणालाच काही करावं लागणार नाही.

रूपराव


भिलाई,
३१ जानेवारी १९८५

प्रिय पुंडलिक,

तू दिवसभर चिंचेखाली माठ घेऊन पाणी देत होतास आणि शेवटी वहिनींच्या मागून आलास. वेशीवर काय झालं ते तुला गावातल्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

आमचा खेमलाल साहू आणि तुमचा किसनराव बरोबरच आले, खांद्याला खांदा लावून. खेमलाल आमच्या क्लबचा सगळ्यांत तेज सायकलवाला. किसनराव नेहमीसारखा लिंबाखाली बसला. खेमलाल रेघेसमोर उभा राहून माझ्याकडे पाहायला लागला. मी ओरडलो, पार कर. त्यानं किसनरावला विचारलं, "काहे बैठे हो भैया?" किसनराव म्हणाला, "एक जन यायची हाये. नदीत आपल्या सगळ्याईच्या पुढे होती ना, तेच." खेमलालनं क्षणभर विचार केला. सकाळी डोहात त्याच्या पुढे कोण गेलं होतं ते त्याला आठवलं असावं. त्यानं बूट काढले आणि किसनरावच्या शेजारी मांडी घातली. मग आमचे बाकीचे पाच आले, तेही बसले.

मी सगळे उपाय केले. रागावलो, विनवलं, ढाल दाखवली, गावच्या नावाची शपथ घातली. अण्णाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "रूप्या, किती वरडून राह्यला. तुह्या लग्नात तुहा मामा दोन घंटे जेवत बसलता, तवा आमी उठलो होतो काय?" लोक हसले. चौबे साहेबांना याचा अर्थ समजावून सांगायला मला फार कष्ट पडले.

सूर्य पळसांच्या मागे टेकला. रेघेच्या अलीकडे एकसष्ट माणसं बसलेली आणि पलीकडे मी घंटा घेऊन उभा. एवढं लक्षात ठेव पुंडलिक, घंटा वाजवू नको असं एकही माणूस म्हणाला नाही. सूर्य बुडाला आणि मी वाजवली. घंटेचा आवाज विरतो न विरतो तोच वळणावर वहिनी दिसल्या. घंटा त्यांनी ऐकली होती. तरी थांबल्या नाहीत. इतका वेळ चालत असतील, पण तिथून पुढे पळत आल्या. लोकांना बसलेलं पाहून त्याच रागावल्या, "काऊन बसून राह्यले सगळे? घंटा आयकू नाई आली काय?" किसनराव उठत म्हणाला, "आली ना वहिनी. चाला."

सगळे उठले आणि बरोबर रेघेपार गेले, आमचे सहाही.

चौबे साहेबांनी कागदावर निकाल लिहिला: निघाले बासष्ट, मुदतीत पोचलेले शून्य. खाली मी सही केली. ढाल पुन्हा पोत्यात बांधली. तीन वर्षं ज्या ढालीसाठी मी तुझ्या मागे लागलो होतो ती परत जाताना मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं लिहितो, नोकरीत मी ढीगभर कागदांवर सह्या केल्या, इतक्या अभिमानानं एकही केली नाही. माझं गाव काय आहे ते मला त्या दिवशी पन्नाशीला आल्यावर कळलं.

पंगतीत वहिनी मला वाढायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, घंटा वाजवली ते बरं केलं. नसती वाजवली तर मी तुमच्याशी बोलली नसती."

तुझा
रूपराव


नाचणगाव,
१९ फेब्रुवारी १९८५

प्रिय रूपराव,

तुझा निकाल मी पारावर वाचून दाखवला. कोणीच पोचलं नाही असं ऐकून अण्णाजी म्हणाले, "कोनीच नाई पोचलं? मंग रोडगे कोनं खाल्ले?" याचं उत्तर तूच कळव.

तुझी वहिनी मात्र हसली नाही. घंटा तिच्या कानात बसली आहे. आता बाजार नसला तरी सायकल काढते आणि देवळीपर्यंत जाऊन येते. तिन्हीसांजेला वाडीच्या बांधावरून पळते, आणि शकुबाई तिच्या मागे. तोवर चूल माझ्याकडे असते. माझ्या भाकरी जाड होतात, पोरं तक्रार करतात. मी त्यांना सांगतो, तुमची आई सूर्याशी पैज लावून बसली आहे, भाकरीचं काय घेऊन बसलात.

तिच्यासमोर तुला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती वळणावरून पळत सुटली तेव्हा मी मागे होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तुझा
पुंडलिक


भिलाई,
२० ऑक्टोबर १९८५

प्रिय पुंडलिक,

आता मात्र मी हात टेकले.

तो निकाल चौबे साहेबांनी क्लबच्या बोर्डावर लावला. नुसता निकाल: निघाले बासष्ट, पोचले शून्य. का ते लिहिलं नाही, आणि मी काय, आमच्या सहा खेळाडूंनी काय, कोणालाच सांगितलं नाही. चार दिवस लोक बोर्डासमोर उभे राहून पाहत होते. पाचव्या दिवसापासून माझ्या क्वार्टरच्या दाराशी यायला लागले. म्हणतात, जी शर्यत आजवर एकानंही मुदतीत पुरी केली नाही तिच्यात आमचं नाव घाला. हेच लोक सगळे पोचतात म्हटल्यावर हसले होते. नागपूरहून पत्रं येतात, राउरकेल्याहून येतात, सिंदी मेघेहून सदाशिवराव नावाचे एक बँकेतले गृहस्थ तर सुट्टी काढून भेटून गेले. पाय दाखवत होते मला, किती मजबूत आहेत म्हणून. तीनशेच्या वर नावं झाली. त्या बेटावर सगळे पोचतात म्हणून झुंबड, आपल्याकडे कोणी पोचत नाही म्हणून झुंबड. माणसाला नेमकं काय हवं असतं ते मला सांगता येणार नाही.

आता एवढ्या लोकांचं काय करायचं? त्या बेटासारख्या चिठ्ठ्या टाकाव्यात असं माझं मत. जानेवारीत भट्टीची दुरुस्ती निघाली आहे, मला रजा नाही. घंटा अण्णाजींकडे द्या. चौबे साहेब येणार म्हणतात, निकालाचा कागद लिहायला असेल.

वहिनींना माझा नमस्कार. यंदा सूर्य त्यांना घाबरून राहील असं वाटतं.

तुझा
रूपराव


नाचणगाव,
२२ जानेवारी १९८६

रूपराव भाऊजींना गोपिकाचा नमस्कार.

हे म्हणाले, यंदाचा निकाल तूच कळव. म्हणून लिहिते.

चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. नाव घेतलं म्हणजे आवतण दिलं, आणि दिलेलं आवतण चिठ्ठीनं कसं मोडणार? सगळ्यांना येऊ दिलं. शनिवारपासून गावात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेत माणसं, देवळात माणसं, आमच्या वाडीत वांग्यांच्या ओळींमध्ये माणसं. गिरडहून चौघे जण रात्रभर सायकल हाणत आले आणि तशीच पाण्यात उडी मारली. डोह माणसांनी काळा झाला होता. वर्ध्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक उभे होते. देवळीच्या बाया मला पाहून म्हणत होत्या, "हे पाहा, हेच ते बाई." मी उत्तर दिलं नाही, दम लागला असता.

शकुबाई माझ्यापुढे गेली, बरं का. सायकलवरून आता पडत नाही.

चिंचेला वळसा घातला तेव्हा सूर्य चांगला वर होता. यांनी तांब्या पुढे केला, मी घेतला नाही. यंदा अर्धं चालले नाही, पाव चालले. वेशीच्या वळणावर आले आणि पाहिलं, पळसांच्या वर हातभर सूर्य शिल्लक होता. भाऊजी, तुम्ही हवे होतात. सगळी वेस माणसांनी भरलेली, रेघेच्या अलीकडे तीनशेवर लोक बसलेले. किसनराव होते, तुमचा खेमलाल होता, ते मजबूत पायांचे सदाशिवराव होते. मला पाहून सगळ्यांनी एकदम असा आवाज केला की माझ्या अंगावर काटा आला. अण्णाजी घंटा काखेत मारून उभे होते. म्हणाले, "ओलांड पोरी, ओलांड. अजून उजेड हाये."

मी रेघेपाशी गेले. एक पाऊल टाकायचं होतं. वर्षभर झोपेतसुद्धा मी तेच पाऊल टाकत होते.

सवयीनं मागे वळून पाहिलं. मी शेवटची, म्हणजे माझ्या मागे कोणी नाही, असंच धरून चालले होते. पण कोणी उठेना. मी किसनरावला विचारलं, "आता कोन राह्यलं?" तो म्हणाला, "एक हाये वहिनी. तो भिलाईचा साहेब."

तुमचे चौबे साहेब कागद लिहायला आले नव्हते. सकाळी कोट काढून रामाजीच्या हातात दिला आणि सगळ्यांबरोबर पाण्यात उतरले होते. कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी रेघेकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. रागही आला, खोटं कशाला बोलू. मग पदर खोचला आणि शकुबाईच्या शेजारी जाऊन बसले. तिनं सरकून जागा दिली. आम्ही सगळे मिळून सूर्य बुडताना पाहत होतो. अण्णाजींनी वेळेवर घंटा वाजवली, जराही मागेपुढे केलं नाही.

साहेब दिवे लागल्यावर आले, एका पायानं लंगडत, बूट हातात. आम्ही सगळे जेवून झोपलो असू असं त्यांना वाटलं होतं. आम्हाला बसलेलं पाहून रस्त्यातच उभे राहिले. "आप लोग अभी तक बैठे हैं?" मी म्हणाले, "बसून राह्यलो ना साहेब. या, आता उठू." त्यांना पुढे पाऊल टाकता येईना. खेमलालनं एक हात धरला, मी एक धरला, आणि सगळे मिळून रेघ ओलांडली.

पंगतीत त्यांनी भरपेट रोडगे खाल्ले. मग कागद मागवून स्वतःच्या हातानं निकाल लिहिला. खाली सही करायला तो माझ्यापुढे ठेवला. ढालीचं विचारलं तर म्हणाले, ती वेशीवरच्या लिंबाला टांगा, जो बसेल त्याची.

तर लिहून घ्या भाऊजी. निघाले तीनशे सतरा. मुदतीत पोचलं कोणी नाही. सूर्य वर असताना मी वेशीवर बसलेली होते, हे कागदावर नाही, पण गावानं पाहिलं आहे.

गोपिका